विजेचा बंब : निवड, निगा आणि दुरुस्ती

पूर्वींच्या मराठी घरांत न्हाणीघराच्या दाराशीं तांब्याचा बंब असे. मध्यें निखाऱ्याची नळी, तिच्याभोंवतीं पाणी, वर नरसाळें आणि बाजूला तोटी, एवढाच त्याचा संसार. नरसाळ्यांतून तांब्याभर गार पाणी ओतलें कीं तें नळीवाटें तळाशीं जाई आणि वरचें तापलेलें पाणी तितकेंच तोटीवाटें बाहेर पडे. गरम पाणी हवें असेल तर आधीं गार पाणी द्यावें लागे. ही त्या बंबाची रीत लहान मुलांनाहि ठाऊक असे. असा बंब कितीहि तापला तरी त्याचें भय नसे. पाणी खदखदूं लागलें तर वाफ नरसाळ्यांतून निघून जाई, आणि घरांतील वडीलधारी बाई 'कोळसे काढा रे, बंब उकळतो आहे' असें ओरडून सांगे. बंबाचें तोंड उघडें होतें, हीच त्याची सुरक्षितता होती.

आज न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला पांढराशुभ्र गीझर हा वस्तुतः तोच बंब आहे. त्यांतहि गार पाणी तळाशीं शिरतें आणि वरचें गरम पाणी ढकलून बाहेर काढतें. फरक दोनच आहेत. निखाऱ्याच्या जागीं वीज आली आणि बंबाचें तोंड बंद झालें. परंतु हे दोन फरक लहान नव्हेत. ओल्या जागीं वीज आणि बंद भांड्यांत तापणारें पाणी, हीं दोन्ही दांडगीं जनावरें आहेत. तीं घरांत बाळगावयाचीं तर त्यांचें दावें बळकट आहे कीं नाहीं हें पाहणें भाग आहे. गीझर विकत घेतांना रंग, आकार आणि दिव्याची शोभा पाहिली जाते. हें दावें मात्र क्वचितच कोणी पाहतो.

'गीझर' हा शब्द आइसलंडमधील 'गेसिर' नांवाच्या उष्णोदकाच्या उसळत्या झऱ्यावरून आला आहे. लंडनमध्यें १८६८ सालीं बेंजामिन मॉन ह्या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानें गॅसवर तत्काळ पाणी तापविणारें यंत्र केलें आणि त्याला हें नांव दिलें. त्या यंत्राला धुराडें नव्हतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे; कारण आजहि बंद न्हाणीघरांत बसविलेल्या गॅसच्या गीझरमुळें कार्बन मोनॉक्साइड वायु कोंडून माणसें दगावतात. ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. गॅसचा गीझर बसवावयाचा तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा, यापलीकडे त्याविषयीं येथें सांगण्याचें कारण नाहीं. प्रस्तुत विषय विजेच्या बंबाचा आहे.

विजेच्या गीझरचें पोट म्हणजे एक बंद टाकी. टाकीभोंवतीं उष्णता कोंडून धरणाऱ्या फेसाचा थर आणि त्यावर बाहेरचें कवच. टाकीच्या तळाकडून आंत शिरलेली, वळविलेली धातूची नळी असते. तिला बाजारांत कोणी एलिमेंट म्हणतात, पण घरोघरीं तिचें नांव 'कॉइल'. ह्या नळीच्या आंत तापणारी तार असते, आणि तार व नळी ह्यांच्यामध्यें मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठांसलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊं देते, पण वीज जाऊं देत नाहीं. नळीला बारीकशी चीर पडली कीं भुकटी ओलावते आणि टाकींतील पाण्यांत वीज उतरते. येथून पुढें घरच्या माणसांचें रक्षण अर्थिंगवर अवलंबून असतें. त्याचा विचार पुढें केला आहे.

बंद टाकीच्या दाबाला आवरण्यासाठीं तीन पहारेकरी नेमलेले असतात. पहिला थर्मोस्टॅट, ठरलेल्या उष्णतेला पाणी पोंचलें कीं तो वीज तोडतो आणि पाणी निवलें कीं पुन्हां जोडतो. हा रोजचा नोकर, आणि रोज राबणारा म्हणूनच बहुधा आधीं थकणारा. त्याचे टोंक एकमेकांस चिकटून राहिले तर वीज तुटतच नाहीं. अशा वेळीं दुसरा पहारेकरी, कटआऊट, पाणी उकळूं लागण्याच्या सुमारास वीज कायमची तोडतो. तो आपोआप जुळत नाहीं, कारागिरानें येऊन बटण दाबावें लागतें. तोहि चुकला तर तिसरा, सेफ्टी व्हॉल्व्ह, टाकींतला वाढलेला दाब बाहेर सोडून देतो. जुन्या बंबाच्या उघड्या तोंडाचें काम आज हा मूठभर पितळी व्हॉल्व्ह करीत असतो.

हे तिघेहि जागेवर असतां गीझर हें अत्यंत सुरक्षित उपकरण आहे. परंतु तिघांनाहि एकामागून एक निकामी करण्याची विलक्षण हातोटी आपल्याकडील घरांत आणि कारागिरांत आढळते. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतें म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारलें जातें. कटआऊट वारंवार तुटतो म्हणून त्याच्या दोन टोंकांना तार जोडून गीझर 'डायरेक्ट' करून दिला जातो. मग थर्मोस्टॅट एकटा उरतो. ज्या दिवशीं तो चिकटेल त्या दिवशीं त्या घराच्या भिंतीवर बंब नसून बॉयलर टांगलेला असतो. बंद टाकींत पाणी शंभर अंशांच्या वरहि पाणीच राहतें. टाकी फाटतांच दाब एकाएकीं नाहींसा होतो, त्या पाण्याचा कांहीं भाग क्षणांत वाफ होतो, आणि वाफ होणाऱ्या पाण्याला मूळच्या सोळाशेंपटींहून अधिक जागा लागते. न्हाणीघराची भिंत हें सहन करूं शकत नाहीं, मग माणसाची गोष्टच नको.

व्हॉल्व्ह ठिबकतो तो कां, हें येथेंच सांगणें बरें. पाणी तापलें कीं फुगतें. वीस अंशांचें २५ लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापविलें तर तें सुमारें पावणेचारशें मिलिलिटरनें वाढतें. गार पाण्याच्या वाटेवर एकदिशा झडप असल्यानें तें मागें जाऊं शकत नाहीं, नळ बंद असल्यानें पुढें जाऊं शकत नाहीं. तेव्हां तें व्हॉल्व्हवाटें थेंबथेंब बाहेर येतें. पाणी तापत असतांना पडणारे थेंब हें रोगाचें लक्षण नसून आरोग्याचें आहे. त्या तोंडाला बारीक रबरी नळी लावून ती मोरीकडे सोडावी, म्हणजे भिंत ओली होत नाहीं. नळीचें शेवटचें टोंक मात्र सदैव उघडें असावें. गीझर बंद व गार असतांनाहि संतत धार लागली असेल, तर एक तर इमारतींतील पाण्याचा दाब फार आहे किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार बसला आहे. दाब अधिक असल्यास प्लंबरकडून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. क्षार असल्यास नवा सेफ्टी व्हॉल्व्ह घालावा. गीझरच्या किंमतीपुढें त्याची किंमत नगण्य असते.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न येतो तो केवढा गीझर घ्यावा हा. दुकानदाराला विचारलें तर तो माणसें मोजतो. खरें म्हणजे बादल्या मोजाव्यात. हिंवाळ्यांत नळाचें पाणी वीस अंश आणि गीझरचें साठ अंश धरलें, तर दोन्ही समभाग मिसळून चाळीस अंशांचें, म्हणजे स्नानाला सोसवेल असें पाणी होतें. पंधरा लिटरची बादली भरावयास साडेसात लिटर गरम पाणी पुरतें. म्हणजे १५ लिटरच्या गीझरमध्यें हिशेबानें दोन बादल्या निघतात. गरम पाणी निघत असतां आंत गार पाणी शिरून मिसळत असल्यामुळें प्रत्यक्षांत दुसरी बादली थोडी कोमट भरते. बादलीनें स्नान करणाऱ्या चौघांच्या घरांत, दोन स्नानांमध्यें थोडा अवकाश ठेवल्यास, हा गीझर पुरेसा होतो. परंतु घरांतील तरुण मंडळी फवाऱ्याखालीं उभी राहूं लागली कीं हिशेब बदलतो. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या फवाऱ्याखालीं आठ मिनिटें घालविलीं तर चौसष्ट लिटर पाणी जातें. त्यांतलें निम्में गरम. एका स्नानाला बत्तीस लिटर! अशा घरांत २५ लिटरचा गीझरहि एका स्नानास अपुरा पडतो. मोठा गीझर घ्यावा कीं फवाऱ्याचा वेळ कमी करावा, हा निर्णय ज्यानें त्यानें करावा. विजेचें बिल मात्र दुसऱ्या उपायाच्या बाजूनें आहे.

विजेचा हिशेबहि शाळेंतल्या गणितासारखाच सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटांत ८६० किलोकॅलरी असतात. पंचवीस लिटर पाणी चाळीस अंशांनीं तापवावयाचें म्हणजे एक हजार किलोकॅलरी, अर्थात् सुमारें १.१६ युनिट. दोन किलोवॅटची कॉइल तेवढें काम ३५ मिनिटांत करते. पंधरा लिटरला २१ मिनिटें पुरतात. कोणत्याहि कंपनीचा गीझर असो, पाण्याला लागणारी ही वीज कमी करतां येत नाहीं. फरक पडतो तो पाणी तापवून ठेवल्यावर किती निवतें ह्यांत. गीझरवरील ताऱ्यांच्या पत्रकावर चोवीस तासांत व्यर्थ जाणारी वीज छापलेली असते. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्या घरानें तो आंकडा अवश्य पाहावा. समजा तो अर्धा युनिट असेल, तर महिन्याला पंधरा युनिट कोणी स्नान न करतांच जातील. ज्या घरांत स्नानापूर्वीं अर्धा तास गीझर लावून मग बंद करतात, त्यांना तारे एक कमी असले तरी फारसें बिघडत नाहीं.

तत्काळ पाणी देणाऱ्या तीन लिटरच्या लहान गीझरविषयीं पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो, तो ह्याच गणिताकडे दुर्लक्ष केल्यामुळें. तीन किलोवॅटची कॉइल मिनिटाला ४३ किलोकॅलरी देते. मिनिटाला दोन लिटर पाणी सोडलें तर तें साडेएकवीस अंशांनीं तापतें. मुंबईसारख्या ठिकाणीं हिंवाळ्यांतहि नळाचें पाणी २४ अंशांच्या आसपास असेल, तर तें ४५ अंशांवर जातें, आणि तें उत्तम. परंतु नाशिककडे पौषांतल्या पहांटे गच्चीवरच्या टाकींतील पाणी १५ अंशांवर आलें असेल, तर हाच गीझर जेमतेम ३६ अंश देतो. त्यांत गार पाणी मिसळण्यास वाव राहत नाहीं आणि पंधरा लिटरची बादली भरावयास साडेसात मिनिटें लागतात. स्वयंपाकघरांतील मोरीसाठीं हा गीझर सोईचा. थंड प्रदेशांतल्या न्हाणीघरासाठीं साठ्याचाच गीझर हवा.

दुसरा प्रश्न पाण्याच्या जातीचा, आणि खरोखर हाच प्रश्न पहिला असावयास हवा होता. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा ह्या जलाशयांचें आणि पुण्याला खडकवासल्याकडील धरणांचें जें पाणी नळानें येतें तें मृदु असतें. परंतु त्याच पुण्याच्या उपनगरांतून टँकरचें किंवा कूपनलिकेचें पाणी वापरणाऱ्या इमारती कितीतरी आहेत, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणांतून आलेलें भूजल बहुधा जड असतें. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा इष्ट आणि दुसरें पाणीच नसेल तर ६०० पर्यंतचा चालण्याजोगा मानला आहे. पिण्यास चालणारें तें पाणी गीझरला मानवतेंच असें नाहीं. पाण्यांत विरघळलेले चुन्याचे क्षार उष्णतेनें फुटतात आणि कॉइलवर दगडासारखा थर धरतात. साठ अंशांच्या पुढें हा थर विशेष वेगानें बसूं लागतो. साबणाला फेंस न येणें आणि बादलीच्या कांठावर पांढरी रेघ उमटणें, ह्या दोन खुणा घरांतल्या घरांत ओळखतां येतात. नेमकेपणा हवा असेल तर पाण्याचा जडपणा प्रयोगशाळेंतून तपासून घ्यावा. बाजारांत मिळणाऱ्या खिशांतल्या टीडीएस मीटरनें एकूण क्षारांचा अंदाज येतो, जडपणा कळत नाहीं.

क्षाराच्या थरामुळें बिल दुप्पट येतें असें सांगून कांहीं विक्रेते गिऱ्हाइकाला घाबरवितात. त्यांत तथ्य थोडें आहे. कॉइल पाण्यांतच बुडालेली असल्यामुळें तिची उष्णता शेवटीं पाण्यालाच मिळते, फक्त उशिरा मिळते. खरें नुकसान कॉइलचें होतें. थराखालीं कोंडलेली उष्णता तिला भाजून काढते, नळी तडकते, आणि वर सांगितल्याप्रमाणें वीज पाण्यांत उतरते. म्हणजे क्षार हा पैशापेक्षां जिवाशीं अधिक संबंधित असा विषय आहे.

टाकी कोणती घ्यावी हें पाण्यावरून ठरतें. कांचेसारख्या मुलाम्याची पोलादी टाकी आणि स्टेनलेस स्टीलची टाकी ह्या दोन आज प्रामुख्यानें मिळतात. मुलाम्याच्या टाकींत मॅग्नेशियमची एक दांडी सोडलेली असते. मुलाम्यांत कोठें सूक्ष्म छिद्र राहिलें तर गंजण्याची पाळी पोलादावर न येतां ह्या दांडीवर येते. स्वतः झिजून ती टाकीला वांचविते. ती संपली कीं टाकी झिजूं लागते. स्टेनलेस टाकी हलकी आणि टिकाऊ खरी, पण कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील मचूळ विहिरींच्या पाण्यांतील क्लोराइड तिच्या सांध्यांना कुरतडतें. तेव्हां मचूळ वा जड पाण्याला मुलाम्याची टाकी बरी, मात्र दांडी वेळेवर बदलण्याची तयारी हवी. ज्या इमारतींत पाणी मृदु करण्याचें यंत्र बसविलें आहे तेथें कॉइल वांचते, पण ही दांडी लवकर झिजते आणि क्लोराइड तर मुळींच कमी होत नाहीं. हें फारच थोड्यांना ठाऊक असतें.

उंच इमारतींत राहणारांनीं दाबाची क्षमता पाहावी. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागें सुमारें एक बार दाब येतो. गच्चीवरच्या टाकीखालीं दोन मजल्यांवर राहणाऱ्याला अर्धा-पाऊण बार मिळतो; पण पंचवीस मजल्यांच्या इमारतींत, मध्यें दाब तोडण्याची व्यवस्था नसेल, तर खालच्या मजल्यावर तो सात बारांवर जाऊं शकतो. पंपाच्या जोरानें पाणी खेळविणाऱ्या इमारतींतहि हीच काळजी. अशा घरीं आठ बारचा गीझर घ्यावा. साठ्याच्या गीझरवर आय.एस. २०८२ ह्या मानकाचा आणि तत्काळ गीझरवर आय.एस. ८९७८ चा आय.एस.आय. शिक्का असावा. हमीपत्र वाचतांना टाकीची, कॉइलची आणि इतर भागांची मुदत वेगवेगळी लिहिलेली असते. जाहिरातींतला मोठा आंकडा बहुधा एकट्या टाकीचा असतो.

गीझर घरीं आल्यावर तो बसविण्याचें काम उत्साही भाच्याकडे सोंपवूं नये. २५ लिटरचा गीझर भरल्यावर पस्तीस किलोच्या आसपास भरतो. नव्या इमारतींतील हलक्या ठोकळ्यांच्या भिंतींत साधे बोल्ट धरत नाहींत, त्यांना निराळे लागतात. निळ्या खुणेला गार पाणी आणि तांबड्या खुणेला गरम. ह्यांची अदलाबदल झाली तर गरम पाणी चार तांबे येऊन थांबतें आणि घरचे लोक वर्षभर कंपनीला दोष देत बसतात.

विजेची जोडणी हा सर्वांत गंभीर भाग. दोन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर आणि तीन किलोवॅटचा तेरा अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एम.सी.बी. पाहिजे; तार तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरहून कमी जाडीची नसावी, चारची असल्यास उत्तम. दिव्यापंख्याच्या सॉकेटला अॅडॉप्टर लावून चालविलेला गीझर प्रथम सॉकेट काळा करतो आणि मग आग लावतो. बटण दोन्ही तारा तोडणारें असावें. स्नानापूर्वीं गीझर बंद करण्याची संवय चांगली. परंतु एकच तार तोडणारें बटण चुकून न्यूट्रलवर बसविलेलें असेल, तर दिवा विझला तरी कॉइलपर्यंत वीज पोंचलेलीच असते.

आणि अर्थिंग. कॉइल तडकून वीज टाकीला आली, तर अर्थिंगची तार तिला जमिनीकडे नेते आणि एम.सी.बी. वा आर.सी.सी.बी. तत्क्षणीं वीज तोडतो. अर्थिंग नसेल तर ही वीज नळाच्या पितळी तोटींत वाट पाहत थांबते, आणि ओल्या अंगानें तोटीला हात लावणारा माणूसच तिची जमिनीकडची वाट होतो. जुन्या चाळींत आणि वाड्यांत अर्थिंगची तार लोखंडी पाण्याच्या नळाला बांधण्याची चाल होती. पुढें नळ गंजले, त्यांच्या जागीं प्लास्टिकचे नळ आले, आणि अर्थिंग त्याच दिवशीं नाहींसें झालें. सॉकेटचें तिसरें भोंक मात्र जसेंच्या तसें राहिलें. न्हाणीघर नवें करून घेतलेल्या कोणत्याहि घरानें हें एकदां परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावें. खिशांतल्या टेस्टरनें हें कळत नाहीं. त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा; एवढी अल्प गळती होतांच तो वीज तोडतो. त्याच्यावरील 'टेस्ट' हें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहणें, हें घरांतील कोणाहि मोठ्या माणसाला जमण्यासारखें आहे.

निगेविषयीं फार सांगावयाचें नाहीं. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवावा. यापेक्षां अधिक ठेवल्यास क्षार वाढतो आणि भाजण्याचें भय वाढतें. साठ अंशांचें पाणी कांहीं सेकंदांतच कातडी पोळतें. लहान मुलें असलेल्या घरांत बादलींत आधीं गार पाणी, मग गरम, हा क्रम मोडूं नये. उलट फार कमी, चाळीस अंशांवर, पाणी सतत कोंडून ठेवल्यास त्यांत रोगजंतु वाढण्यास अनुकूल स्थिति मिळते. मृदु पाण्याच्या घरांत दोन वर्षांनीं आणि जड पाण्याच्या घरांत दरवर्षीं, दसरा-दिवाळीच्या आधीं, गीझर उघडून पाहावा. वीज मुख्य बटणापासून तोडून, पाणी निववून, टाकी रिकामी करावी. कॉइल काढून तिचा थर काढावा, दांडी निम्म्याहून अधिक झिजली असल्यास बदलावी, आणि रबरी गॅस्केट प्रत्येक वेळीं नवेंच घालावें. क्षार काढण्यास सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाचें सत्त्व, ऊन पाण्यांत विरघळवून त्यांत कॉइल कांहीं तास बुडवून ठेवावी. पुष्कळ कारागीर संडास धुण्याचें तीव्र आम्ल वापरतात. त्यानें थर दोन मिनिटांत जातो आणि त्याबरोबर कॉइलचें आयुष्यहि. अशा वेळीं गृहस्थानें भीड न धरतां नको म्हणून सांगावें.

टाकी पुन्हां भरल्यावर गरम पाण्याचा नळ उघडून ठेवावा. प्रथम हवा फुरफुरत येते, मग पाणी एकसंध येऊं लागतें. त्यानंतरच वीज लावावी. रिकाम्या टाकींत कॉइल लावली तर ती अल्पावधींत जळते.

बिघाड ओळखण्याचें शास्त्र गृहस्थानें शिकावें तें स्वतः दुरुस्ती करण्यासाठीं नव्हे, तर कारागिराशीं जाणतेपणानें बोलतां यावें म्हणून. दिवा लागतो पण पाणी गारच, तर कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला. कारागीर मीटरनें कॉइलचा विरोध मोजील; दोन किलोवॅटची चांगली कॉइल सुमारें २६ ओहम आणि तीन किलोवॅटची साडेसतरा ओहम दाखविते. कांटा मुळींच हलला नाहीं तर आंतली तार तुटली. बटण लावतांच किंवा थोड्या वेळानें आर.सी.सी.बी. पडतो, तर कॉइलमधून वीज झिरपत आहे. तो पडतो म्हणून काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याला पुन्हां घरांत घेऊं नये. पाणी तापतांना खडखडाट होतो, तर क्षार. पाणी तांबूस येतें, तर टाकीच्या आंतून गंज धरला. कटआऊट वारंवार तुटतो, तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा असतो; उपाय थर्मोस्टॅट बदलण्याचा आहे, कटआऊट डायरेक्ट करण्याचा नव्हे. नळाला हात लावतांच किंचित् झिणझिण्या येत असतील तर त्या क्षणापासून गीझर बंद ठेवावा, घरांतल्या सर्वांना सांगावें, आणि कॉइल व अर्थिंग दोन्ही तपासल्याशिवाय तो लावूं नये. 'थोडा करंट येतो, पण चालतें' हें वाक्य अनेक घरांत सहजपणें बोललें जातें. थोडा करंट असें कांहीं नसतें. अंग कोरडें होतें आणि पायांत चप्पल होती, एवढाच त्याचा अर्थ.

कॉइल, थर्मोस्टॅट, कटआऊट, व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि दांडी ह्या सर्व वस्तु बदलतां येतात आणि बदलाव्याहि. त्यांपैकीं एखादी बिघडली म्हणून सबंध गीझर टाकून देण्याचा आग्रह धरणारा विक्रेता आपला नफा पाहत असतो. परंतु टाकीच गळूं लागली तर मोह आवरावा. मुलाम्याच्या टाकीला बाहेरून डाग देतांना त्या जागचा आंतला मुलामा जळून जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत शेजारींच नवें भोंक पडतें. ती टाकी भंगारांत द्यावी. जुना तांब्याच्या टाकीचा गीझर मात्र किरकोळ भंगारवाल्याला लोखंडाच्या भावानें देऊं नये.

गीझर दुरुस्तीस गेला कीं अडगळींतून बादलींत बुडवावयाचा विजेचा रॉड बाहेर निघतो. त्याला थर्मोस्टॅट नाहीं, कटआऊट नाहीं, आणि पुष्कळदां अर्थिंगहि नसतें. तो वापरणें टळण्यासारखें असेल तर टाळावें. चुलीवरचें पातेलें त्याहून बरें. वापरावाच लागला तर बादली प्लास्टिकची असावी, रॉड खुणेपर्यंत बुडवून मग बटण लावावें, आणि पाणी तापलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बोट घालण्यापूर्वीं बटण बंद करून पिनहि सॉकेटांतून काढावी. मुलें घरांत असतील तर तेवढा वेळ न्हाणीघराला बाहेरून कडी लावावी.

उन्हाळ्याच्या सुटींत महिना-दोन महिने घर बंद ठेवून गेलेल्या मंडळींनीं परतल्यावर गीझर लगेच लावूं नये. प्रथम गरम पाण्याचा नळ सोडून आंतलें शिळें पाणी पूर्ण काढावें, सेफ्टी व्हॉल्व्हची लहान दांडी उचलून तो मोकळा आहे कीं क्षारानें जाम झाला आहे हें पाहावें, आर.सी.सी.बी.चें बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी. मग पाणी एकवार साठ अंशांपर्यंत तापवून, खिडकी उघडी ठेवून, तेंहि नळावाटें सोडून द्यावें. दुसऱ्यांदा तापलेलें पाणी स्नानाला घ्यावें.